खुर्चीवरचा टॉवेल

वेळकोंड, ता. जि. रत्नागिरी
६ एप्रिल २०२५

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र काल मिळाले. तीन महिन्यांसाठी ग्रामीण आरोग्य केंद्रावर तुझी नेमणूक झाल्याचे कळले. अभिनंदन करावे असे त्यात मला काही आढळले नाही. अंतिम वर्षाची परीक्षा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झालेल्या मुलीकडून या लोकांनी आंतरवासितेच्या नावाखाली काय करून घेतले? रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, ट्रॉली ढकलणे, हरवलेले केसपेपर शोधणे. आणि त्याच काळात एकोणीस विषयांची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा डोक्यावर. एका हाताने मुलांना रात्रंदिवस राबवायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवायची, ही कोणती व्यवस्था? मी अव्वल कारकून म्हणून तहसील कार्यालयात उभी हयात काढली. असा कारभार आमच्याकडेही चालला नसता.

फोन का उचलत नाही, असे तू पुन्हा विचारले आहेस. ज्या फोनवर आपण तिघे शेवटचे एकत्र बोललो, तो मी तुझ्या आईच्या ट्रंकेत ठेवला आहे. जे सांगायचे ते लिहून सांगावे.

चौकशीची पहिली सुनावणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागली आहे. सात महिने अर्जांवर अर्ज केल्यानंतर शासनाला एवढी जाग आली. निवेदनातील मुख्य परिच्छेद येथे उतरवतो, वैद्यकीय दृष्ट्या काही चुकले असल्यास कळव:

"माझी पत्नी कै. प्रभावती, निवृत्त अंगणवाडी सेविका, कलमांभोवतीच्या दगडी गडग्याचा ढासळलेला चिरा उचलत असता तिच्या बोटास फुरसे चावले. मी तिला तत्काळ आरोग्य केंद्रात नेले. सर्पदंशाची लस तेथील फ्रीजमध्ये होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर स्वच्छ धुतलेला पांढरा टॉवेल होता. अधिकारी नव्हते. डॉक्टरांवाचून लस देण्याची परवानगी नसल्याने परिचारिका हतबल होत्या. रत्नागिरीच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पत्नीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. दुसऱ्या दिवशी तिचे निधन झाले."

तू फोनवरून सिस्टरना ज्या विनवण्या केल्यास त्या मी निवेदनात घातलेल्या नाहीत. त्या शासनाला वाचायला देण्याची माझी इच्छा नाही.

अधिकारी महाशय त्या दिवशी परीक्षेच्या शिकवणीसाठी पुण्यास गेले होते, असे ऐकतो. रुग्ण मरत असता परीक्षा! मी त्यांना सोडणार नाही.

जेवणाची काळजी करू नये. पेज मला उत्तम जमते.

तुझा,
बाबा

*

आरोग्य केंद्राची वरची खोली
१५ एप्रिल

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

काल इथल्या वाडीत जयंतीची मिरवणूक होती. सिस्टरनी मला ओढूनच नेले. भाषण करायला लावले आणि मी बोलून खाली बसल्यावर मागून एक आजी म्हणाल्या, "पोरगी बोलती का गाती?" आपला कोकणी हेल या देशावरच्या लोकांना भारी गमतीचा वाटतो. ओपीडीत तर मुले मला मुद्दाम पुन्हा बोलायला लावतात.

निवेदन वाचले. वैद्यकीय चूक काही नाही.

इथे आम्ही चार इंटर्न आहोत. वैद्यकीय अधिकारी एकच. दुसरी जागा कधीची रिकामी आहे. सर माणूस चांगले आहेत, पण बैठका, शिबिरे आणि शवविच्छेदने यांच्यामागे निम्मा आठवडा तालुक्याला असतात. सकाळी ओपीडी, दुपारी लसीकरण, संध्याकाळी मी वर येऊन पुस्तक उघडते. फार्माकॉलॉजी संपवून मेडिसिनकडे वळले आहे. पुस्तकात वाचलेला आजार दुसऱ्या दिवशी समोर येऊन बसतो तेव्हा बरे वाटते. पुस्तकातला नसलेला येऊन बसतो तेव्हा घाम फुटतो.

अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून इंटर्न लोकांत आठवडे वाटून घ्यायची पद्धत आहे. एकाने केंद्र सांभाळायचे, बाकीच्या तिघांनी शहरात अभ्यासिका गाठायची. सगळीकडे असेच चालते म्हणतात. माझ्याबरोबरचा प्रज्ञेश तर म्हणतो, "मॅडम, तुम्ही इथे राहून गावाचे भले कराल, पण रँक गावाच्या नावाने लागत नाही." मी अजून गेलेली नाही. काय करावे ते कळत नाही.

शेजारच्या जनी काकींकडून घेऊन फणसाच्या आठळ्या पाठवाल का? आई भाजून पाठवायची तशा नकोत. नुसत्या सुकवलेल्या चालतील.

आपली,
आम्रपाली

*

वेळकोंड
२४ एप्रिल २०२५

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र वाचून मला संताप आला, आणि तो तुझ्यावर आला हे स्पष्ट लिहितो.

"काय करावे ते कळत नाही" हे वाक्य या घरात चालत नाही. आठवडे वाटून घेण्याची पद्धत मला पूर्णतः रास्त वाटते. तू विद्यार्थिनी आहेस. शासनाने तुला त्या केंद्रावर नोकरीस ठेवलेले नाही. जबाबदारी ज्याची आहे, वेतन ज्याला मिळते, ती खुर्ची ज्याच्या नावाची आहे, तो अधिकारी तेथे आहे. शासनाने जागा रिकामी ठेवायची, आणि ती माझ्या मुलीने स्वतःचे वर्ष घालवून भरायची? कोणत्या नियमान्वये? तुझ्या सोबतचे तिघे अभ्यासिकेत बसून पुढे निघून जातील आणि तू गावकऱ्यांच्या कौतुकाचे हार गळ्यात घालून मागे राहशील. तुझ्या आईने बालकांची वजने करीत, पोषण आहाराच्या कढया घासत तुला येथवर आणले, ते यासाठी नव्हे.

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे. इतरांप्रमाणे आपले मोकळे आठवडे बिनदिक्कत घ्यावेत. जो आठवडा तुझ्याकडे येईल त्यातूनही सराव परीक्षेसाठी शनिवार-रविवार मागून घ्यावा. अधिकाऱ्यांना तोंडी सांगितले तरी पुरे. ते आहेतच. आणि हे माझे मत नसून आज्ञा आहे असे समजावे.

आठळ्या सोबत पाठवीत आहे. जनी वहिनींनी त्या सुकवल्या, वर मला सुनावलेही. "भाऊ, पोरीला पत्रं कसली लिवताव, जरा बोला तिच्याशी." त्या रोज अंगणात येऊन "जेवलाव काय?" विचारतात. सकाळी विचारतात, संध्याकाळीही विचारतात. अलीकडे मी गेट लावून घेतो.

तुझा,
बाबा

*

वेळकोंड
८ मे २०२५

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहीत आहे, कारण परवा सुनावणी झाली आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

अधिकारी महाशय हजर होते. त्यांनी शांतपणे सांगितले की, ते पुण्यास गेले हे खरे, परंतु केंद्र वाऱ्यावर सोडून गेले नव्हते. त्या आठवड्यात केंद्रावर एक आंतरवासी डॉक्टर नेमलेली होती. तेजल तिचे नाव, चिपळूणची. ती आहे, या विश्वासावर ते गेले. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, मग ती कोठे होती? तेव्हा उघड झाले की, तीही सराव परीक्षेसाठी दोन दिवस निघून गेली होती. का? तर अधिकारी आहेत, या विश्वासावर! तिने त्यांना जिन्यात तोंडी सांगितले म्हणे. त्यांना ते ऐकल्याचे स्मरत नाही म्हणे. दोघेही एकमेकांच्या भरवशावर गेले, आणि मागे उरला टॉवेल.

आम्रपाली, मी इतके महिने चुकीच्या माणसावर सगळा राग खर्च केला. त्याला त्याची शिक्षा होईलच. परंतु ही मुलगी! रुग्णांची सेवा शिकण्यासाठी जिला तेथे पाठवले, ती पर्यायी उत्तरांच्या खुणा करायला पळून गेली. पाच वर्षांत हिला काय शिकवले? फुरसे चावलेल्या बाईला लस देण्याइतके शिक्षण हिच्यापाशी होते. हिने फक्त तेथे असायचे होते. तुझ्या आईचा जीव एवढ्याशा गोष्टीवर होता.

चौकशीमुळे तिचे आंतरवासिता पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र महाविद्यालयाने अडवले आहे, त्यामुळे तिची कायम नोंदणीही झालेली नाही. पुढील सुनावणीस मी लेखी मागणी करणार आहे की, ते प्रमाणपत्र तिला कधीच देऊ नये. ती वैद्यकीय व्यवसायात येताच कामा नये. मागणीचा मसुदा तयार आहे. त्याची भाषा कठोर आहे आणि ती तशीच राहील.

आपला,
रावजी भिवा मोहिते

*

आरोग्य केंद्राची वरची खोली
१९ मे

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुम्ही पत्राखाली पूर्ण नाव लिहून सही केली आहे. मी तुमचे वरिष्ठ कार्यालय नाही, बाबा.

तुमची दोन्ही पत्रे माझ्यासमोर आहेत. चोवीस एप्रिलचे आणि आठ मेचे. मी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. तुम्हीही एकदा तशी वाचावीत अशी विनंती आहे. पहिल्या पत्राची प्रत तुमच्याकडे असेलच. तुम्ही कुठल्याही कागदाची प्रत ठेवल्यावाचून राहत नाही.

तुमची आज्ञा आली आणि मला सुटल्यासारखे वाटले. खोटे कशाला लिहू? मलाही जायचेच होते. कोणीतरी सांगायची वाट पाहत होते. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्र माझ्याकडे होते. सराव परीक्षेसाठी शनिवारी-रविवारी जाऊ का, असे मी सरांना विचारले. ते गाडीला किक मारत होते. "जा की, मी आहे," म्हणाले. मी गेले. परीक्षा छान झाली. सर्पदंशावर एक प्रश्न होता, तो मी पुरता न वाचताच सोडवला.

सोमवारी परत आले तेव्हा सिस्टर माझ्याशी बोलेनात. मग कळले की शनिवारी दुपारीच सरांना तालुक्याच्या शिबिरासाठी बोलावणे आले होते. दोन दिवस केंद्रावर डॉक्टर नव्हता. मी सिस्टरना विचारले, कोणी आले होते का? त्या म्हणाल्या, नाही. मी पुन्हा विचारले. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "नाही म्हटलं ना, मॅडम. कुणी आलं असतं तर तुम्हाला गावानंच सांगितलं असतं."

कोणी आले नाही. माझ्यात आणि त्या तेजलमध्ये एवढाच फरक आहे. तिच्याकडे आई आली.

हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमचा मसुदा चूक आहे असेही मला म्हणवत नाही. आईच्या वेळी त्या केंद्रात कोणी असते तर, हे मीही रोज म्हणते. पण मसुद्यात तिचे नाव लिहाल तेव्हा माझे तिथे बसते का ते पाहा. बसत असेल तर तसाच द्या.

त्या दिवसापासून मी केंद्र सोडलेले नाही. प्रज्ञेश माझ्या वाटणीचे प्रश्नसंच फोनवर पाठवतो आणि मला "संत" म्हणून चिडवतो. अभ्यास मागे पडला आहे.

आपली,
आम्रपाली

*

२२ जून

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

महिना उलटला, आपले पत्र नाही. जनी काकींना फोन केला होता. तुमची तब्येत बरी आहे असे त्या म्हणाल्या. गेट उघडे असते असेही म्हणाल्या.

परीक्षा पुढे ढकलून ऑगस्टवर नेली आहे. इथली मुदत आता संपते आहे. जुलैत शेवटची नेमणूक कॉलेजच्या अपघात विभागात. तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. शेवटचे आठ-दहा दिवस सगळेच अभ्यासासाठी रजा टाकतात. मी मागू की नको? यंदा परीक्षा सोडून द्यावी असेही मनात येते. तुमची आज्ञा नको आहे, बाबा. तुम्हाला काय वाटते ते लिहा.

आपली,
आम्रपाली

*

वेळकोंड
२० जुलै २०२५

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जयभीम.

उत्तरास विलंब झाला. तुझे मेचे पत्र आले त्या दिवशी मी प्रतींची फाईल काढली आणि तू सांगितल्याप्रमाणे दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली. त्याविषयी अधिक लिहिण्याची मला आवश्यकता वाटत नाही. तू ती वाचलेलीच आहेस.

दुसरी सुनावणी मेअखेरीस झाली. तेजल आली होती. मी तिची जी मूर्ती मनात केली होती तशी ती नव्हती. चष्मा, अंगावर साधा ड्रेस, हातात छत्री, आणि ती छत्री कोठे ठेवावी हे तिला कळत नव्हते. तिच्यामागे तिचे वडील बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने. कोणत्या तरी कार्यालयातच त्यांची नोकरी झाली असावी. आमची माणसे लांबून ओळखू येतात.

तक्रारदाराला काही विचारायचे आहे का, असे चौकशी अधिकाऱ्यांनी म्हटले. माझ्यापाशी प्रश्नांचा कागद होता. तो मी घडी करून ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, त्या दोन दिवसांसाठी जा, असे तुम्हाला कोणी सांगितले?"

मागून तिचे वडील उठून उभे राहिले. "मी सांगितलं, साहेब," ते म्हणाले. "तिला जायचं नव्हतं."

मी खाली बसलो. आणखी काही विचारायचे आहे का, असे चौकशी अधिकाऱ्यांनी म्हटले. मी नाही म्हणालो.

मसुदा मी बदलला. मवाळ केला असे समजू नकोस. कार्यभार न सोपवता केंद्र सोडल्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी, ही मागणी कायम ठेवली. वेळकोंडला दोन मंजूर पदे असता एक कायम रिकामे ठेवणाऱ्यांची नावे मी मागितली आहेत आणि ती मिळेपर्यंत मागत राहीन. मुलांना रुग्णांपाशीही उभे करायचे आणि त्याच मुलांची निवड रुग्णांपासून लांब बसून केलेल्या अभ्यासावर करायची, अशी रचना ज्यांनी केली त्यांना माझी पत्नी कधी दिसलीच नसेल. मी त्यांना ती दाखवली आहे. तिचे छायाचित्र निवेदनास जोडले. तेजलच्या बाबतीत मी लिहिले की, प्रमाणपत्र कायमचे रोखू नये. तिची आंतरवासिता वाढवावी आणि ती वाढीव मुदत तिने याच केंद्रावर पूर्ण करावी, आठवड्यांची वाटणी न करता.

कॉलेजने ती सूचना मान्य केली. या महिन्याच्या आरंभापासून ती येथे आहे. आंतरवासिता लांबल्याने तिची परीक्षा यंदा हुकली. त्याचे मला वाईट वाटते असे मी म्हणणार नाही. वाईट वाटत नाही असेही लिहवत नाही.

सकाळी फिरायला जातो तेव्हा मी केंद्रावरून जातो. दार उघडे असते. ती दिसली तर "नमस्कार, काका" म्हणते. मी मान हलवतो. तिला क्षमा केली का, असे जनी वहिनींनी विचारले. मी म्हणालो, तो प्रश्न मला विचारू नये. गेल्या सोमवारी रोहिदास पाटलांच्या सुनेला भातखाचरात काहीतरी चावले. मी तिच्यामागोमाग केंद्रात गेलो, का गेलो ते सांगता येणार नाही. तेजलने काचेच्या नळीत तिचे रक्त घेतले, नळी टेबलावर उभी केली आणि कोणी हलवू नये म्हणून स्वतः समोर बसून राहिली. वीस मिनिटे थांबायचे असते, हे तू जाणतेसच. मग तिने नळी तिरपी केली. रक्त गोठलेले होते. म्हणजे फुरशाचे विष भिनलेले नव्हते. बाई चहा पिऊन घरी गेली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तिने मलाही चहा आणून दिला. मी घेतला.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. तू आज्ञा नको म्हणालीस, म्हणून मत लिहितो.

परीक्षा सोडू नये. तू मोठी डॉक्टर व्हावेस ही तुझ्या आईची इच्छा होती, आणि माझीही. ती मी मागे घेत नाही. अभ्यास मागे पडला असेल तर पडू दे. पुढच्या वर्षीही परीक्षा असते. रजा माग. लेखी माग. मंजूर झाली की लेखी घे. आणि मंजूर झाल्यावरही लगेच निघू नकोस. तुझ्या जागेवर कोण येणार आहे ते त्याच्याच तोंडून ऐक. तो येऊन बसल्याचे डोळ्यांनी पाहा. मगच ऊठ.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फोन कर. तो मी ट्रंकेतून काढून चार्ज करून ठेवला आहे. पहिल्यांदा माझ्याने बोलवले नाही तर जनी वहिनी बोलतील. त्यांना सांगून ठेवले आहे.

आयुष्यभर हे एवढे पाळ. कधीही खुर्चीवर टॉवेल ठेवून उठू नकोस. माणूस बसवून ऊठ.

तुझा,
बाबा